मोरपिसाचं देवक

कोल्हापूर जिल्ह्यात मोरे आडनावाची घरं गावोगाव आहेत. कुणाकडे लग्नात पंचपालवी पुजतात, कुणाकडे कळंबाची डहाळी. मोऱ्यांचं देवक मोरपीस. देवक म्हणजे कुळाचा सोयरा. त्याला मारायचं नाही, खायचं नाही, त्याच्या साक्षीशिवाय मुंडावळ्या बांधायच्या नाहीत.

मोरे घराण्यांची परंपरा आपलं मूळ मगधाच्या मौर्यांपर्यंत नेते. वंशावळीचे एवढे जुने दुवे सांधता येत नाहीत, पण मौर्य आणि मोर यांचं नातं दगडावर कोरलेलं आहे, आणि ते चक्क मुदपाकखान्यातलं आहे! गिरनारच्या शिळेवरच्या पहिल्याच लेखात अशोक सांगतो, की पूर्वी राजाच्या स्वयंपाकघरासाठी रोज लाखो जीव मारले जात. आता दोन मोर आणि एक हरीण, तेही हरीण रोज नाही. पुढे हे तीन जीवही मारले जाणार नाहीत. खाद्याचं पूज्य होतं ते असं.

आता मारायचं नाही, तर देवकाला पीस आणायचं कुठून? ते मोरच देतो. श्रावण सरत आला, विणीचा हंगाम उलटला, की नर आपला पिसारा टाकू लागतो. भाद्रपदात त्याच्याकडे बघवत नाही, इतका तो भुंडा दिसतो. पुढच्या पावसाळ्यापर्यंत सगळा साज नव्याने उगवतो, आणि हे दरवर्षी. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या ८५३ एकरांच्या आवारात मोर मोकळे फिरतात. पाऊस ओसरल्यावर अशा माळांवर झाडाखाली, गवतात पीस सापडतं. मोराला न दुखवता देवकाचं पीस घरी येतं. माझ्या मते ही प्रथा इतकी टिकली ती या पीसगळतीमुळे.

पिसाऱ्याला आपण सर्रास शेपटी म्हणतो. खरी शेपटी त्याच्या मागे असते, वीसेक आखूड, ताठ, तपकिरी पिसांची. मोर पिसारा उभारतो तेव्हा तीच मागून टेकू देते. पिसारा उगवतो शेपटीच्या वरच्या अंगाला, दीडशे ते दोनशे पिसांचा. बहुतेकांच्या टोकाला डोळा असतो. सगळ्यांत लांब पिसांना मात्र डोळा नसतो, ती माशाच्या शेपटीसारखी दुभंगून संपतात. देवकाला किंवा वासुदेवाच्या टोपीला आपण पाहतो ती डोळ्याची.

एखादा डोळा हातात घेऊन बघा. मधोमध गर्द जांभळा-निळा ठिपका, भोवती निळसर हिरवं कडं, मग तांब्याचा रंग, मग पोपटी. हेच पीस खिडकीसमोर धरून आरपार पाहिलं, की सगळं मालवतं आणि फिकट तपकिरी तेवढं उरतं. पुरंदरचा तह झाला त्याच १६६५ साली लंडनमध्ये रॉबर्ट हूकचं सूक्ष्मदर्शकावरचं पुस्तक आलं. पीस पाण्यात भिजवलं की रंग जातात, हे त्याने त्यात नोंदवलं. म्हणजे निळा-हिरवा असा रंग पिसात भरलेलाच नाही. तिथे काळपट मेलॅनिनच्या अतिसूक्ष्म कांड्या जाळीसारख्या रचलेल्या असतात, आणि त्यांच्यावरून परतणारा प्रकाश रंग दाखवतो. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये ही जाळी मोजली: निळ्या भागात कांड्यांमधलं अंतर सुमारे १४० नॅनोमीटर, हिरव्यात १५०. एवढ्याशा फरकाने पिसातली निळाई हिरवी होते!

एवढा पसारा कशासाठी? मोरपीस पाहिलं की मला मळमळतं, असं डार्विनने १८६० मध्ये एका पत्रात लिहिलं होतं. जगण्याला निरुपयोगी ओझं त्याच्या सिद्धांतात बसेना. १८७१ च्या ग्रंथात त्याने उत्तर दिलं, की निवड लांडोर करते. इंग्लंडमध्ये संशोधक मेरियन पेट्रीला जास्त डोळ्यांच्या मोरांची सरशी दिसली. जपानमध्ये सात वर्षं पाहूनही तसं काही आढळलं नाही, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालं. वाद अजून मिटलेला नाही. मोराचे अश्रू पिऊन लांडोर गाभण राहते, हे मात्र निखालस खोटं. इतर पक्ष्यांसारखंच त्यांचं मीलन होतं. मातकट रंगाची लांडोर जमिनीवरच अंडी घालते आणि सुमारे अठ्ठावीस दिवस एकटी उबवते. तिथे तो मातकट रंगच तिला वाचवतो.

१९७२ च्या वन्यजीव कायद्याने मोराला सर्वांत कडक संरक्षण दिलं, पण आपसूक गळलेलं पीस घरात ठेवायला मुभा ठेवली. देशाबाहेर पाठवायला बंदी आहे. या मुभेच्या आडून मोर मारूनही पिसं काढली जातात. म्हणून बाजारात जुडी घेताना डोळा पाहू नका, देठ पाहा. आपोआप गळलेल्या पिसाचा देठ स्वच्छ, कोरडा असतो. उपटलेल्याच्या बुडाशी रक्तामांसाचा अंश राहतो. तसलं पीस देवकाला चालत नाही.