हललेले फोटो फेकू नका

मंडळी, आज गोष्ट आकाशातली आहे, पण शेवट आपल्या तालुक्यात होणार आहे.

आपल्या आकाशगंगेचा मध्य धनू राशीच्या दिशेला आहे. वाटेत धूळ इतकी, की तिथून निघालेल्या साध्या प्रकाशाचा साधारण लाख कोटींतला एक कण आपल्यापर्यंत पोचतो. डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश मात्र दहातला एक तरी पोचतो. म्हणून १९९२ पासून राइनहार्ड गेन्झेल यांच्या गटाने चिलीतून आणि १९९५ पासून अँड्रिया गेझ यांच्या गटाने हवाईतल्या केक दुर्बिणीतून त्या जागेचे अवरक्त फोटो घ्यायला सुरुवात केली.

अडचण अशी, की या प्रकाशात रात्रीचं आकाश स्वतःच चमकतं. त्यामुळे शेजारच्या मोकळ्या आकाशाचा फोटो घ्यायचा आणि मूळ फोटोतून तेवढी चमक वजा करायची. कॅमेऱ्याचे स्वतःचे दोषही काढायचे. त्यात हवा हलते, तारे थरथरतात. मग सेकंदाच्या दहाव्या भागाचे हजारो फोटो काढायचे, ठळक तारा एका जागी आणून सगळे एकावर एक रचायचे. एकेक फोटो बघाल तर नुसता गिचमिडकाला! पण वर्षानुवर्षं हे केल्यावर एस-टू नावाचा तारा १६ वर्षांत एक फेरी मारताना दिसला. त्यावरून मधे सुमारे ४० लाख सूर्यांइतकं वस्तुमान आहे, हे कळलं. एवढ्याशा जागेत एवढं वजन म्हणजे कृष्णविवरच. २०२० च्या नोबेलचा अर्धा वाटा या दोघांना मिळाला.

मला मात्र २०१२ ची गोष्ट जास्त भिडली. गेझ यांच्या गटाला साडेअकरा वर्षांत फेरी मारणारा आणखी एक अंधूक तारा सापडला. त्यात जुनेच फोटो नव्या पद्धतीने पुन्हा तपासण्याचा मोठा वाटा होता. काम झालं म्हणून मूळ फोटो टाकले असते, तर?

मी पत्रकारितेत नवखा होतो तेव्हा एका कार्यालयाने निगेटिव्हची पोती रद्दीत काढली. काळपट, हललेल्या, ‘काय कामाच्या?’ म्हणून. त्यात जुन्या पुराच्याही होत्या. मी गप्प बसलो. आज पूररेषेचा वाद निघाला की पाणी कुठवर आलं होतं, याचं उत्तर सांगोवांगीच मिळतं.

तुमच्या माळ्यावर असं काही असेल तर टाकण्याआधी मला एक फोन करा. आज त्यात काही दिसत नसेल, उद्या कुणाला तरी दिसेल.