टाकलेल्या कोंड्याचा इतिहास

अन्नाच्या बाबतींत शुभ्रतेला आपण जो मान देतों, त्याचा उगम कोठें आहे हें सांगणें कठीण आहे. कोंकणांतील अनेक घरांतून पाहुण्यांच्या पानावर पांढरा, मोकळा भात पडावा आणि तांबड्या तांदळाची पेज गड्यामाणसांच्या वाट्यास जावी, असा रिवाज चालत आला. तांदूळ जितका अधिक सडलेला तितका तो खानदानी, ही समजूत केवळ आपल्याकडचीच नव्हे. जपान, जावा, मलाया या भातखाऊ देशांतही ती होतीच. या समजुतीची किंमत किती माणसांनीं, आणि विशेषतः कोणत्या माणसांनीं दिली, ती हकीकत वाचकांपुढें मांडण्याचा आमचा हेतु आहे.

भाताच्या दाण्याचें बाहेरचें तूस निघालें म्हणजे असडीक तांदूळ हातीं येतो. त्यावरचा पातळ कोंडा व टोकाशीं असलेला अंकुर हीं सडल्यानें जातात. उखळांत मुसळानें कांडतांना कोंड्याचा कांहीं भाग दाण्यास चिकटून राहतोच, कारण माणसाचा हात थकतो. वाफेच्या गिरणीचा हात थकत नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अशा गिरण्या आग्नेय आशियांत पसरल्या, आणि जो शुभ्र तांदूळ पूर्वीं श्रीमंतांची चैन होता, तो कैद्यांच्या व मजुरांच्या थाळींतही दिसूं लागला. त्याच काळांत बेरीबेरी नांवाचा जुना रोग भयंकर बळावला. त्यांत पाय प्रथम जड होतात, मग लुळे पडतात. कित्येकांच्या अंगावर सूज चढते, आणि शेवटीं हृदयाची शक्ति संपून मनुष्य दगावतो.

जपानच्या आरमारांत या रोगानें कहर केला होता. १८८२-८३ सालीं ‘रिउजो’ नांवाचें शिकाऊ जहाज लांबच्या सफरीस गेलें, तेव्हां त्यावरील ३७६ जणांपैकीं १६९ जण बेरीबेरीनें आजारी पडले व २५ मेले. आरमाराचे वैद्य ताकाकी कानेहिरो यांनीं १८८४ सालीं ‘त्सुकुबा’ हें दुसरें जहाज त्याच मार्गानें धाडविलें, पण शिधा बदलला. नुसत्या भाताऐवजीं मांस, दूध, पाव आणि जव दिले. या जहाजावर बेरीबेरीनें एकही मनुष्य मेला नाहीं. ताकाकींची कारणमीमांसा मात्र चुकली होती. अन्नांत मांसवर्धक द्रव्य कमी पडतें म्हणून रोग होतो, असें ते समजत. उपाय खरा आणि उपपत्ति खोटी, असा हा प्रकार होता.

उपपत्ति खोटी म्हणून उपायही खोटा, असें जपानच्या लष्करी वैद्यांनीं ठरविलें. जर्मनींत शिकून आलेल्या या मंडळींचा जंतुवादावर दृढ विश्वास होता. त्यांच्यांत मोरी ओगाइ हे एक होते. जपानी साहित्याचा इतिहास ज्यांना थोर कादंबरीकार म्हणून ओळखतो, तेच हे गृहस्थ. सैनिकांस पांढरा भातच मिळत राहिला. १९०४-०५ च्या रूस-जपान युद्धांत दोन लाखांहून अधिक जपानी सैनिकांस बेरीबेरी झाला आणि त्यांतले हजारों दगावले. जें जहाजावर वीस वर्षांपूर्वीं दिसून आलें होतें, तें बराकींत पोंचूं शकलें नाहीं. विद्वत्तेचा अभिमान किती महाग पडतो, याचें याहून खेदजनक उदाहरण आम्हांस तरी आठवत नाहीं.

दरम्यान जावा बेटांत, बटेव्हिया म्हणजे आजच्या जकार्ता शहरीं, क्रिस्तियान आइकमान हे डच वैद्य याच रोगाचा जंतु शोधीत होते. त्यांच्या प्रयोगशाळेंतील कोंबड्या एकाएकीं लंगडूं लागल्या आणि कांहीं महिन्यांनीं आपोआप बऱ्या झाल्या. शोध करतां कळलें कीं, काटकसरीसाठीं त्यांना लष्करी इस्पितळाच्या मुदपाकखान्यांतला उरलेला पांढरा भात घालण्यांत येत होता. पुढें नवा आचारी आला, आणि लष्कराचा भात मुलकी कोंबड्यांना देण्यास त्यानें साफ नकार दिला! त्या आचाऱ्याच्या कायदेबाजीनें जगाला मोठें ज्ञान दिलें. कोंडा चारतांच आजारी कोंबड्या बऱ्या होतात, हें आइकमान यांनीं सिद्ध केलें.

कोंबड्यांचें तें माणसांचें, असें कशावरून? जावा व मदुरा येथील १०१ तुरुंगांची पाहणी फोर्डरमान यांनीं केली. पांढरा तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत ३९ कैद्यांमागें एकास बेरीबेरी होता. असडीक तांदूळ मिळणाऱ्या तुरुंगांत दहा हजारांमागें एकास. तरीही भातांत विष असून कोंड्यांत त्याचा उतारा असावा, असेंच आइकमान मानीत. त्यांच्या जागीं आलेल्या ग्राइन्स यांनीं १९०१ सालीं खरें वर्म सांगितलें: येथें विष नाहींच, अन्नांत जें असावयास हवें तें नाहीं, हाच रोग. त्यांनीं मूग घालूनही पक्षी बरे केले होते.

मलायांत आणखी एक चमत्कार दिसत होता. तेथील चिनी मजूर बेरीबेरीनें मरत, पण शेजारीं राबणारे तमिळ मजूर त्यांतून बहुधा सुटत. ते खात होते उकडा तांदूळ. क्वालालंपूरच्या वेड्यांच्या इस्पितळांत डॉक्टर फ्लेचर यांनीं १९०५ सालीं निम्म्या रोग्यांस पांढरा व निम्म्यांस उकडा तांदूळ देऊन पाहिला. पहिल्या गटांत अठरा जण बेरीबेरीनें मेले, दुसऱ्यांत एकही नाहीं. भात तुसासकट भिजवून वाफवला म्हणजे कोंड्यांतील सत्त्व दाण्याच्या आंत मुरतें, आणि मग सडल्यानेंही तें सगळें जात नाहीं. आमच्या कोंकण-गोमंतकांतील उकड्या तांदळाची थोरवी ती हीच. १९१२ सालीं फुंक यांनीं अशा द्रव्यांस ‘व्हिटामिन’ हें नांव सुचविलें. १९२६ सालीं बटेव्हियांतच यानसेन व दोनात यांनीं कोंड्यांतून त्याचे शुद्ध स्फटिक काढले. तेंच ‘ब-१’ जीवनसत्त्व.

या इतिहासांतील मृतांची यादी पाहिली तर एक गोष्ट मनाला बोंचते. खलाशी, शिपाई, कैदी, मजूर, वेडे, हीं सारीं दुसऱ्यानें मोजून दिलेलें अन्न खाणारीं माणसें! ज्याच्या पानांत वरण, उसळ, भाजी, दूध आहे, त्याचा भात कितीही पांढरा असला तरी सहसा निभावतें. ज्याचें सारें ताट म्हणजे भातच, त्याच्या प्राणाचा आधार मात्र त्या पातळ कोंड्यांत असतो. आवड श्रीमंतांची, मरण गरिबांचें, असा हा व्यवहार.

वर्ध्यास १९३४ सालीं निघालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें हातसडीच्या तांदळाचा पुरस्कार केला, त्यामागें हें ज्ञानही होतें. तथापि मुसळ परत आणा, असें आम्ही म्हणणार नाहीं. पहांटेच्या अंधारांत उखळापाशीं कोणाच्या हाताला घट्टे पडत, हें आम्ही विसरलों नाहीं. गिरणीनें स्त्रियांचे ते कष्ट वांचविले, हें तिचें पुण्यच. परंतु गिरणीलाही कमी सडावयास सांगतां येतें. तांदूळ पुनःपुन्हां चोळून धुवूं नयेत, पेज ओतून देऊं नये, भाताबरोबर डाळ असावी, हें तर प्रत्येक घरीं साधण्यासारखें आहे. आणि ज्या वसतिगृहांत, आश्रमांत वा तुरुंगांत आपल्या हुकुमानें दुसऱ्यांचा शिधा ठरतो, तेथें तरी तांदळाचा रंग पाहण्यापूर्वीं, त्या ताटांत भाताखेरीज आणखी काय पडणार आहे, हें प्रथम पाहावें.