दोन दुभाषी: वसईचा गोन्सालो आणि जपानचं मिशन



आमच्या मुर्ध्यातून भाईंदरच्या जेट्टीवर गेलं की खाडीपलीकडे वसई. रो-रो सुरू झाल्यापासून गाडीसकट पलीकडे जाता येतं. किल्ल्यात कुणी चिमाजी आप्पांचा 1739 चा विजय आठवायला जातं, कुणी प्री-वेडिंगचे फोटो काढायला. आजच्या भागातला माणूस याच किल्ल्यात येशूसंघाच्या, म्हणजे जेझुइट पाद्र्यांच्या हाताखाली शिकला. नाव गोन्सालो गार्सिया. जन्म साधारण 1557 चा, बाप पोर्तुगीज, आई इथली. मृत्यू 5 फेब्रुवारी 1597 रोजी, जपानात, नागासाकीच्या टेकडीवर, क्रुसाला बांधून भाल्याने.

वसईत त्याच्या नावाचं चर्च आहे, कॉलेज आहे. 'भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत' एवढं बऱ्याच जणांना माहीत असतं. मला त्याच्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. परक्या मुलखात मिशन सुरू करताना गाडं नेमकं अडतं कुठे, हे गोन्सालोच्या आयुष्यात जेवढं स्वच्छ दिसतं, तेवढं मोठमोठ्या धर्मगुरूंच्या चरित्रांत दिसत नाही.

आधी आपल्याकडचं बघू. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने तह करून वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर इथे मिशनरी आले ते किल्ल्याच्या सावलीत आले. जमीन सरकारची, फौज सरकारची, कायदा सरकारचा. बोरिवलीचं मंडपेश्वर पाहिलंय ना? शंकराची लेणी, आणि डोक्यावर चर्चचे अवशेष. फ्रान्सिस्कन संघाने सोळाव्या शतकात ती लेणी ताब्यात घेतली आणि तिथेच चर्च आणि मठ उभारला. कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. किती जणांनी मनापासून बाप्तिस्मा घेतला आणि किती जणांनी नाइलाजाने, हा वाद मी आज काढत नाही. पोर्तुगीज गेल्यावरही इथली ख्रिस्ती गावं ख्रिस्तीच राहिली, त्यामुळे सगळं जबरदस्तीच्या खात्यात टाकता येत नाही. पण सुरुवातीला मागे तोफ होती, हे खरं.

जपानात तोफ नव्हती.

15 ऑगस्ट 1549 रोजी फ्रान्सिस झेवियर कागोशिमाला उतरले, तेव्हा जपानात यादवी चालू होती. प्रत्येक प्रांताचा सरदार वेगळा. एकाने परवानगी दिली तरी शेजारचा हाकलून देणार. भाषा येत नाही. सोबत आंजिरो नावाचा एक जपानी. तो झेवियरना मलाक्कात भेटला होता आणि नंतर गोव्यात शिकला होता. सगळी भिस्त या एका माणसावर. आता 'देव' हा शब्द जपानीत कसा सांगायचा? आंजिरोने शब्द दिला 'दाइनिची'. दाइनिची म्हणजे महावैरोचन, शिंगोन पंथाच्या बौद्धांचा सर्वोच्च बुद्ध. झेवियर रस्त्यात उभे राहून दाइनिचीची भक्ती करा म्हणून सांगतायत आणि बौद्ध भिक्षू खूश, कारण त्यांना वाटलं, आपलाच कुणीतरी लांबचा भाऊबंद आला. तसंही हे लोक 'तेंजिकु'हून आलेत असा समज होता. तेंजिकु म्हणजे हिंदुस्थान, बुद्धाचा देश. गोव्याहूनच आले होते ते, त्यामुळे समज अगदीच चुकीचा नव्हता!

झेवियरना गडबड कळली तेव्हा त्यांनी तो शब्द टाकून दिला आणि लॅटिन 'देउस' तसाच वापरायला सुरुवात केली. जपानी उच्चारात तो झाला 'देउसु'. विरोधकांनी लगेच त्याचं 'दाइ उसो' केलं, म्हणजे मोठ्ठं खोटं. कुठलाही शब्द घ्या, पंचाईत ठरलेली. ओळखीचा घेतला तर अर्थ त्यांचा राहतो, अनोळखी घेतला तर चेष्टा होते.

पुढच्या तीसेक वर्षांत येशूसंघाने जम बसवला. तोफेच्या जागी रेशीम आलं. मकावहून चिनी रेशीम घेऊन पोर्तुगीज जहाज यायचं, ते ज्या सरदाराच्या बंदरात लागेल त्याची चांदी. पाद्री जिथे, तिथे जहाज येण्याची शक्यता जास्त, हे सरदारांनी पटकन ओळखलं. 1580 मध्ये ओमुरा सुमितादा या सरदाराने नागासाकी बंदरच येशूसंघाच्या हवाली केलं. संघाचे निरीक्षक आलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी नियम घातला की जपान्यांसारखं राहा, त्यांचे शिष्टाचार पाळा, घरात चहाची खोली ठेवा. 1582 च्या सुमारास जपानात दीड लाख ख्रिस्ती असल्याचा त्यांचा अंदाज होता.

याच काळात दोन पोरं जपानात पोचली.

एक आपला गोन्सालो. किशोरवयातच वसईहून फादर सेबॅस्टियन गोन्साल्विस यांच्याबरोबर तो निघाला. दुसरा जोआव रोद्रिगेस, पोर्तुगालच्या खेड्यातला, 1577 मध्ये सोळाएक वर्षांचा असताना आलेला. दोघांनी जपानी भाषा शिकली ती पुस्तकातून नाही, त्या वयातली मुलं शिकतात तशी, लोकांत राहून. गोन्सालोने आठेक वर्षं धर्मशिक्षक म्हणून काम केलं. लोकांना प्रार्थना शिकवायच्या, पाद्र्यांचं बोलणं समजावून द्यायचं. दोघांनाही संघात प्रवेश हवा होता.

रोद्रिगेसला 1580 मध्ये प्रवेश मिळाला. गोन्सालोला नाही मिळाला.

वालिन्यानोंचं धोरण इथे बघण्यासारखं आहे. त्यांनी जपान्यांना संघात घ्यायचा आग्रह धरला, आणि त्या काळात हे मोठंच पाऊल होतं. पण हिंदुस्थानातल्या लोकांबद्दल आणि मिश्र रक्ताच्या मुलांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. जपानी त्यांच्या लेखी 'गोरे' होते, आपण नव्हतो. म्हणजे वसईच्या पोराने जपानात आठ वर्षं घासावी, जपानी पोरांसाठी दार उघडावं, आणि याने बाहेरच थांबावं. या ठिकाणी मला वालिन्यानोंच्या सगळ्या चहाच्या खोल्या जरा फिक्या वाटायला लागतात. परक्याचे रीतिरिवाज मानणारा माणूसही कुणाला परका मानायचं हे आधीच ठरवून बसलेला असू शकतो.

गोन्सालो बाहेर पडला, व्यापारात शिरला, आणि व्यापार चांगला चालला. पुढे तो स्पॅनिश मनिलात गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघात गेला. धर्मगुरू म्हणून नाही, साधा ब्रदर म्हणून.

इकडे जपान बदलत होता. तोयोतोमी हिदेयोशीने देश एका मुठीत आणला. 1587 मध्ये त्याने मिशनऱ्यांनी देश सोडावा असा हुकूम काढला आणि नागासाकी काढून घेतलं. हुकूम अर्धवटच पाळला गेला, कारण रेशीम हवं होतं. येशूसंघाचे लोक आवाज न करता, मान खाली घालून राहिले. 1591 मध्ये हिदेयोशीने मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरकडे शरण येण्याचा निरोप धाडला. 1592 मध्ये मनिलाहून हुआन कोबो नावाचे डॉमिनिकन वकील म्हणून गेले. परतताना त्यांचं जहाज तैवानला बुडालं आणि ते परत आलेच नाहीत. मग 1593 मध्ये दुसरं शिष्टमंडळ निघालं. प्रमुख पेद्रो बाउतिस्ता, फ्रान्सिस्कन. त्यांना जपानीचा एक शब्द येत नव्हता, सोबतच्या इतरांनाही नाही. येत होती ती एकट्या ब्रदर गोन्सालोला. आमच्या धंद्यात याला सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर म्हणतात.

कोरियावरच्या स्वारीसाठी हिदेयोशी तेव्हा क्यूशू बेटावर नागोयाच्या किल्ल्यात तळ ठोकून होता. तिथे भेट झाली. एका बाजूला अख्ख्या जपानचा धनी, शरण या म्हणणारा. दुसऱ्या बाजूला अनवाणी, जाड्याभरड्या झग्यातले पाद्री, मैत्री करू पण ताबेदारी नाही म्हणणारे. आणि मधे वसईचा माणूस, दोन्ही बाजूंचं बोलणं तोंडातून काढणारा. ज्याला एका संघाने दारात थांबवलं, त्याच्या जिभेवर दुसऱ्या संघाचं सगळं मिशन टांगलेलं होतं.

त्यांना राहायची परवानगी मिळाली. क्योतोत जागा मिळाली. तिथे त्यांनी चर्च बांधलं, कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला, आणि उघडपणे प्रवचनं सुरू केली. येशूसंघाच्या पोटात गोळा आला. एक तर पोपच्या 1585 च्या आदेशाने जपान फक्त त्यांना दिला होता. त्यात हे स्पॅनिश छत्राखालचे, ते पोर्तुगीज छत्राखालचे. दोन्ही देशांचा राजा तेव्हा एकच होता, तरी धुसफूस संपली नव्हती. आणि मुख्य म्हणजे हुकूम अजून लागू होता. परवानगी नुसती राहायची होती की शिकवण द्यायचीही, याचं उत्तर दोन्ही संघांच्या कागदांत वेगवेगळं सापडतं.

आपल्यापैकी जे कामासाठी परदेशात गेलेत त्यांना हे लगेच कळेल. व्हिसा एका कामाचा आणि करतोय दुसरंच. साहेबाची मर्जी आहे तोवर कुणी बघत नाही. ज्या दिवशी मर्जी फिरते त्या दिवशी कागद काढला जातो.

मर्जी फिरली ती ऑक्टोबर 1596 मध्ये. मनिलाहून मेक्सिकोकडे निघालेलं 'सान फेलिपे' हे मालाने खच्चून भरलेलं जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा प्रांताच्या किनाऱ्याला लागलं. हिदेयोशीने माल जप्त केला. जहाजाच्या सुकाणूवाल्याने नकाशा दाखवून बढाई मारली म्हणे, की आमचा राजा आधी पाद्री पाठवतो आणि मागून सैन्य. तो असं खरंच बोलला की नाही यावर दोन्ही बाजूंनी पुढे भरपूर शाई खर्च केली. स्पॅनिश म्हणाले पोर्तुगिजांनी कान भरले, पोर्तुगीज म्हणाले तुमचाच माणूस बरळला. मला विचाराल तर बढाईपेक्षा मालाची किंमत जास्त बोलली असावी. पण वसईकरांनी त्या वाक्याला साफ खोटं म्हणणं जरा अवघड आहे. आपल्या खाडीत पाद्री आणि तोफ एकाच गलबतातून उतरले होते, आणि हे आयुष्यभर अंगावर घेऊन फिरणारा माणूस नेमका त्याच मिशनचा दुभाषी होता.

डिसेंबरात पकडापकड झाली. शिक्षेच्या फलकावर हिदेयोशीने कारण दिलं ते साधारण असं, की हे लोक लुझोनहून वकील म्हणून आले, क्योतोत राहिले, आणि मी मना केलेला धर्म शिकवला. व्हिसाचाच मुद्दा.

चोवीस जण पकडले होते, वाटेत आणखी दोघे घेतले गेले. एकूण सव्वीस. सहा फ्रान्सिस्कन, त्यांत चार स्पॅनिश, एक मेक्सिकोचा, एक वसईचा. तीन येशूसंघाचे जपानी, त्यांत पॉल मिकी. बाकी सतरा साधे जपानी ख्रिस्ती, त्यांत बारा वर्षांचा लुईसही होता. क्योतोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला, गाड्यांतून धिंड काढली, आणि मग भर हिवाळ्यात महिनाभर चालवत नागासाकीला नेलं. जपानी सतरांच्या बाबतीत मला नेहमी वाटतं की मिशनच्या इतिहासात त्यांची नावं शेवटी येतात. परवानगीचा घोळ परदेशी पाद्र्यांनी घातला होता, पण घरदार, गल्ली, नातेवाईक इथेच असलेले हे लोक होते.

निशिझाका टेकडीवर 5 फेब्रुवारीला क्रूस उभे केले. धर्मगुरूंना जवळ येऊ देत नव्हते, पण येशूसंघाच्या दोघांना परवानगी मिळाली. एक फ्रान्सिस्को पासियो. दुसरा जोआव रोद्रिगेस. 1591 पासून हिदेयोशीच्या दरबारात ऊठबस असलेला, वर्षभरापूर्वीच धर्मगुरू झालेला, सगळा नागासाकी ज्याला 'दुभाषी' याच नावाने ओळखत होता तो रोद्रिगेस. एकाच सुमारास, एकाच वयात, एकच भाषा शिकायला आलेली ती दोन पोरं त्या सकाळी त्या टेकडीवर होती. एक खाली उभा, एक वर.

रोद्रिगेसने पुढे जपानी भाषेचं मोठं व्याकरण लिहिलं, ते 1604 ते 1608 मध्ये नागासाकीत छापलं गेलं. 1610 मध्ये त्यालाही जपान सोडावं लागलं. 1614 मध्ये सगळ्याच मिशनऱ्यांना हाकललं, आणि ख्रिस्ती धर्म अडीचशे वर्षं जमिनीखाली गेला. 1865 मध्ये नागासाकीच्या ओउरा चर्चमध्ये काही गावकरी फ्रेंच पाद्र्याजवळ येऊन हळूच सांगू लागले की आमचाही धर्म तुमचाच आहे. पाद्री नव्हते, चर्च नव्हतं, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांनी तो जपला होता. ते चर्च बांधलेलं होतं या सव्वीस जणांच्याच नावाने.

गोन्सालोला 1627 मध्ये धन्य म्हणून आणि 8 जून 1862 रोजी संत म्हणून घोषित केलं गेलं. चर्चच्या दिनदर्शिकेत त्या सगळ्यांचा सण 6 फेब्रुवारीला असतो, आणि त्याचं नाव आहे 'संत पॉल मिकी आणि सोबती'. गोन्सालो त्या सोबत्यांत येतो. खाडीपलीकडे मात्र त्याचा सण त्याच्याच नावाने होतो.