कंसाआधीचे उणे आणि एक वसियत

बीजगणिताचे इंग्रजी नाव 'अल्-जब्र' या अरबी शब्दावरून आले, हे आता शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तेवढे सांगून आपण अभिमानाने थांबतो. ज्या ग्रंथावरून हे नाव पडले त्यात आहे तरी काय, हे मात्र फारसे कोणी पाहत नाही. या लेखात त्या ग्रंथातील एकाच गोष्टीविषयी लिहावयाचे आहे: एका बैजिक राशीतून दुसरी राशी वजा कशी करावी. विषय लहान वाटेल. पण आठवी-नववीच्या उत्तरपत्रिका तपासताना गुण सर्वांत जास्त जातात ते इथेच.

मुहम्मद इब्न मूसा अल्-ख्वारिझ्मी हे बगदादला खलिफा अल्-मामून यांच्या कारकिर्दीत (इ.स. ८१३ ते ८३३) होऊन गेले. 'जब्र' आणि 'मुकाबला' यांच्या हिशेबावरील आपला ग्रंथ लोकांना वारसाहक्क, वसियत, वाटणी, कोर्टकज्जे, व्यापार, जमिनीची मोजणी आणि कालवे यांच्या कामी पडावा, असे त्यांनी प्रस्तावनेतच सांगितले आहे. ग्रंथाचा जवळजवळ अर्धा भाग वसियतींच्या उदाहरणांनी भरलेला आहे. "बीजगणित शिकून मुलाला काय करायचे आहे?" असे विचारणाऱ्या पालकांनी हा भाग जरूर डोळ्यांखालून घालावा. त्यात अधिक-उण्याची चिन्हे नाहीत, कंस नाहीत, सारे शब्दांत आहे. अज्ञात संख्येला ते 'शय' म्हणतात. आपल्या घरांतून बोलली जाणारी 'शै' ती हीच.

त्यातील एक उदाहरण असे. एक गृहस्थ मरण पावला. मागे दोन मुलगे. रोख दहा दिरहम शिल्लक, आणि एका मुलाकडून दहा दिरहमांचे येणे. मयताने आपल्या मालमत्तेचा एक-तृतीयांश भाग एका परक्या माणसाला द्यावा अशी वसियत केली आहे. कर्जदार मुलाच्या वाट्याला जेवढे येईल तेवढेच त्याच्या कर्जातून वसूल झाले असे धरावयाचे. तर कोणाला किती?

वसूल झालेली रक्कम 'शय' मानू; आपल्या पद्धतीने 'क्ष' म्हणू. मालमत्ता झाली १० + क्ष. तिचा तिसरा हिस्सा १०/३ + क्ष/३. तो वजा करावयाचा:

(१० + क्ष) − (१०/३ + क्ष/३) = २०/३ + २क्ष/३

हे दोन मुलांत सारखे वाटले तर प्रत्येकाला १०/३ + क्ष/३, आणि हा हिस्सा म्हणजेच क्ष. म्हणून क्ष = ५. परक्या माणसाला पाच दिरहम, एका मुलाला पाच रोख, आणि कर्जदार मुलाच्या कर्जातले पाच त्याच्या हिश्श्यात वळते. मालमत्ता पंधरा, तिसरा हिस्सा पाच, हिशेब चोख.

आता हेच उदाहरण वर्गातली नेहमीची चूक करून सोडवून पाहू. ती चूक अशी की, कंसाआधीचे उणे चिन्ह पहिल्या पदालाच लावायचे आणि दुसरे पद जसेच्या तसे उतरवायचे. मग वजाबाकी २०/३ + ४क्ष/३ अशी येते. निम्मे केले की १०/३ + २क्ष/३ = क्ष, म्हणजे क्ष = १०. मालमत्ता वीस, दोन्ही मुलांना दहा-दहा, आणि ज्याच्यासाठी मयताने वसियत केली त्याच्या हाती काहीच नाही! एका चिन्हाने एका माणसाचा हक्क साफ बुडाला. परीक्षेत या चुकीचा एखादा गुण जातो, एवढेच.

ही चूक का होते? मला वाटते, आपण मुलांना नियम देतो आणि त्यामागचा अर्थ देत नाही. "कंस सोडवताना चिन्हे बदला" हे वाक्य पाठ होते. का बदलायची, ते विचारले की वर्ग गप्प. ख्वारिझ्मींकडे चिन्हेच नव्हती, म्हणून त्यांना अर्थ सांगणे भागच होते. त्यांनी बेरीज-वजाबाकीच्या प्रकरणात असे उदाहरण घेतले आहे: वीसमधून दोनशेचे वर्गमूळ कमी केले, त्यातून 'दोनशेचे वर्गमूळ उणे दहा' वजा करा. उत्तर, तीस उणे दोनशेच्या वर्गमुळाची दुप्पट. याची सिद्धता ते रेषांच्या आकृतीने देतात. साध्या भाषेत सांगावयाचे तर, आपल्याला पूर्ण वर्गमूळ काढून घ्यावयाचे नव्हते, त्याहून दहा कमी घ्यावयाचे होते. पूर्ण घेतले म्हणजे दहा जास्त घेतले गेले. ते परत करावे लागतात. म्हणून वीसचे तीस झाले. दुकानदाराने दहा रुपये सूट विसरून पूर्ण पैसे घेतले तर तो दहा परत देतोच की!

त्याच प्रकरणात वर्ग, मूळ आणि संख्या अशी तीन जातींची पदे असलेली एक बेरीजही आहे. तिची आकृती नीट जमत नाही, शब्दांनी मात्र ती सहज समजते, असे ते मोकळेपणाने लिहितात. एवढ्या मोठ्या गणितज्ञाचा हा मोकळेपणा मला फार आवडतो.

ही विद्या एकट्या बगदादची होती असे मात्र कोणी समजू नये. ऋण संख्येला स्वतंत्र स्थान देऊन धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम ब्रह्मगुप्तांनी इ.स. ६२८ मध्ये, म्हणजे ख्वारिझ्मींच्या सुमारे दोनशे वर्षे आधी, सांगितले होते. शून्यातून ऋण वजा केले की धन उरते, हे त्यांतच आले. पुढे भास्कराचार्यांनी (जन्म इ.स. १११४) 'बीजगणित' लिहिले. त्यात अज्ञात राशीला 'या', सुट्या संख्येला 'रू' आणि ऋण दाखविण्यासाठी डोक्यावर टिंब अशी खूण आहे. त्यांचे एक उदाहरण आजच्या चिन्हांत असे: २क्ष − (−६क्ष + ८). उत्तर ८क्ष − ८. विद्यार्थिमित्रांनो, क्ष = ३ घालून पडताळा पाहा; दोन्हीकडे १६ यावेत. अशी सवय ठेवली तर चूक शिक्षकांच्या आधी तुम्हालाच सापडेल. आपल्या चाळीसगावजवळच्या पाटण येथील इ.स. १२०७ च्या शिलालेखात, त्यांचे ग्रंथ शिकविण्यासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा उल्लेख आहे. भास्कराचार्यांच्याच शतकात बगदादच्या अस्-समवअल यांनी, वयाच्या अवघ्या एकोणिसाव्या वर्षी म्हणतात, 'अल्-बाहिर' हा ग्रंथ लिहून रिकाम्या स्थानातून धन व ऋण पद वजा करण्याचे नियम अरबीत मांडले.

भास्कराचार्यांचे 'बीजगणित' इ.स. १६३४-३५ च्या सुमारास फारसीत आले आणि शाहजहान बादशहाला अर्पण झाले. अनुवादक अताउल्ला रशीदी. ताजमहालाचे शिल्पकार मानले जाणारे उस्ताद अहमद लाहोरी यांचे चिरंजीव. शाळेच्या सहलीत ज्यांनी औरंगाबादचा (आताचे छत्रपती संभाजीनगर) बीबी का मकबरा पाहिला आहे, त्यांनी या अताउल्लांचेच काम पाहिले आहे. त्या इमारतीच्या मुख्य दरवाज्यावरील लेखात शिल्पकार म्हणून त्यांचे नाव आहे, आणि सोबत हंसपतराय या अभियंत्याचे.