खेळगड्यांची यादी आणि यंत्रांचे मालक



गेम कन्सोलवर एका खेळगड्याने दुसऱ्यास दूरवरून शोधावे, मित्र म्हणून नोंदवावे आणि त्याच्याशी खेळावे, यासाठी कंपन्यांनी वेळोवेळी ज्या व्यवस्था उभ्या केल्या, त्यांचा इतिहास हा आजचा विषय आहे. टीव्हीला जोडावयाच्या किंवा हातात धरावयाच्या या यंत्रांचा विषय काहींना पोरखेळ वाटेल. परंतु जगातील कोट्यवधी मुले व मोठी माणसे आपला मोकळा वेळ या यंत्रांपुढे घालवितात, आणि मोकळा वेळ ही कामगारवर्गाने झगडून मिळविलेली वस्तू आहे. त्या वेळात कोणी कोणाला हाक मारावी, हे तिसराच कोणी ठरवीत असेल, तर त्याची चौकशी करणे आपले काम आहे.

मी संघटनेच्या कामातला माणूस. संघटना म्हणजे प्रथम सभासदांची वही. ती वही कोणाच्या कपाटात आहे, यावरून संघटना कोणाची हे कळते. याच कसोटीवर मी हा इतिहास तपासला. या व्यवस्थांतील गैरसोय यंत्रांच्या दुबळेपणातून थोडी आली आणि मालकांच्या भीतीतून व मालकीच्या हट्टातून पुष्कळ आली, असे माझे मत झाले आहे. त्याचा पुरावा आता मांडतो.

आरंभी मित्र शोधण्याचा प्रश्नच नव्हता. एक यंत्र, दोन कंट्रोलर आणि दोन्ही गडी एकाच चटईवर. १९९४ साली अमेरिकेत कॅटापल्ट नावाच्या कंपनीने एक्सबँड हा मोडेम विक्रीस आणला. सेगा आणि निन्टेंडो या दोन कंपन्यांच्या यंत्रांना तो जोडता येई आणि टेलिफोनच्या तारेवरून दोन घरांतील गडी एकमेकांशी खेळत. टोपणनाव घेता येई, निरोप पाठविता येई. १९९७ मध्ये ही सेवा बंद पडली. पण दूरच्या गड्यास नावाने ओळखावयाचे असते, एवढी गोष्ट तेव्हाच उमगली होती.

पुढचे पाऊल याहून सुंदर होते. २००० सालच्या डिसेंबरात सेगाच्या ड्रीमकास्ट यंत्रावर जपानमध्ये फँटसी स्टार ऑनलाइन हा खेळ आला. त्यात प्रत्येक खेळाडूजवळ एक गिल्ड कार्ड असे. खेळात भेट झाली, मन जुळले, की एकाने दुसऱ्यास आपले कार्ड द्यावे. कार्ड जवळ असले म्हणजे तो मित्र पुढे कोठे खेळत आहे हे शोधता येई आणि त्यास छोटे पत्र धाडता येई. ठरावीक वाक्ये निवडली तर जपानी खेळाडूचे बोलणे इंग्रज, फ्रेंच, जर्मन किंवा स्पॅनिश खेळाडूस त्याच्या भाषेत दिसे. आधी भेट, मग ओळख, मग पत्ता, हा माणसांचा जो स्वाभाविक क्रम आहे तोच यंत्राने पाळला होता. हे २००० साली साधले होते, ही गोष्ट पुढील हकिकत ऐकताना ध्यानात ठेवावी.

१५ नोव्हेंबर २००२ रोजी मायक्रोसॉफ्टने अमेरिकेत एक्सबॉक्स लाइव्ह ही सेवा सुरू केली. वर्षाची वर्गणी भरावयाची, ब्रॉडबँड जोडणी घ्यावयाची आणि गेमरटॅग म्हणून एक नाव निवडावयाचे. तेच नाव सर्व खेळांत चाले, मित्रांची यादीही सर्व खेळांना मिळून एकच. सोबत बोलण्यासाठी हेडसेट मिळे. सोय उत्तम होती, यात शंका नाही. मात्र यादी कंपनीच्या कपाटात होती. याच काळात सोनीच्या प्लेस्टेशन २ वर उलटा प्रकार होता. तेथे समाईक व्यवस्था नव्हती. प्रत्येक प्रकाशकाने आपला सर्व्हर चालवावा आणि आपले गिऱ्हाईक आपणच नोंदवावे. खेळाडूस मात्र प्रत्येक दारात नवे नाव सांगावे लागे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या प्रकाशकाने २००४ पर्यंत आपले खेळ एक्सबॉक्स लाइव्हवर येऊच दिले नाहीत. गिऱ्हाइकाशी संबंध कोणाचा, यंत्रवाल्याचा की खेळवाल्याचा, हा त्या भांडणाचा गाभा होता. ज्याची यादी केली जात होती त्या खेळाडूस कोणी विचारले नाही.

आता निन्टेंडोच्या प्रसिद्ध फ्रेंड कोडकडे वळू. कंपनीचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी मार्च २००५ मध्ये निन्टेंडो वाय-फाय कनेक्शन या सेवेची घोषणा केली. सेवा सोपी, निर्धास्त आणि फुकट असावी, असा त्यांचा आग्रह होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात मारिओ कार्ट डीएस या शर्यतीच्या खेळाबरोबर ती सुरू झाली. फुकट ती खरोखरच होती, आणि गरिबाच्या मुलाच्या दृष्टीने ही लहान गोष्ट नव्हे. अनोळखी माणसाशी चार घटका खेळणेही सोपे होते. परंतु ओळखीच्या मित्राशी खेळावयाचे म्हटले, की तेथे घोडे पेंड खाई.

त्याचे कारण असे. यंत्र आणि खेळाचे कार्ड या जोडीमागे बारा आकड्यांचा एक कोड तयार होई. तो खेळाडूने मित्रास कळवावयाचा, तोही यंत्राबाहेर: तोंडी, फोनवर किंवा चिठ्ठीने. मित्राने आपला कोड तसाच कळवावयाचा. दोघांनी एकमेकांचा कोड आपापल्या यंत्रात भरला, तरच मैत्री लागू. एकानेच भरला तर काहीही होत नसे. शिवाय प्रत्येक खेळाचा कोड निराळा. ज्याच्याजवळ पाच खेळ आणि दहा मित्र, त्याने सहाशे आकडे भरावयाचे. आणि त्या दहांपैकी प्रत्येकाने त्याच्यासाठी साठ. तेच कार्ड दुसऱ्या यंत्रात घालून ऑनलाइन गेले, की कोड बदले आणि जमविलेली यादी पुसली जाई.

२००६ साली वी हे यंत्र आले. त्याला स्वतःचा सोळा आकडी क्रमांक होता आणि त्यावर निरोप पाठविता येत. पण खेळावयास बसले की पुन्हा त्या त्या खेळाचा बारा आकडी कोड होताच. म्हणजे घराला एक क्रमांक आणि घरातल्या प्रत्येक खोलीला दुसरा. खेळाडूंनी या प्रकारावर फार राग काढला आणि तो रास्त होता.

निन्टेंडोची बाजूही नीट ऐकून घेतली पाहिजे. या यंत्रांवर लहान मुले मोठ्या संख्येने खेळत. मुलाशी खेळाच्या मिषाने सलगी करणारा दुष्ट माणूस ही काल्पनिक भीती नव्हे. ज्यास तुम्ही यंत्राबाहेर आधीच ओळखता, तोच आत यावा, हा कोडमागचा विचार होता. मुलांच्या बापांना तो पटणारा आहे. प्रश्न एवढाच की ही तटबंदी टिकली का?

ती टिकली नाही. २०११ साली ३डीएस या यंत्रावर सर्व खेळांना मिळून एकच बारा आकडी कोड झाला. त्यावर स्वॅपनोट नावाची चिठ्ठ्या पाठविण्याची सोय होती. २०१३ च्या ऑक्टोबरअखेर निन्टेंडोने तिच्यातील इंटरनेटवरून चिठ्ठ्या धाडण्याची सेवा अचानक बंद केली. अल्पवयीन मुलांसह काही जण आपले कोड इंटरनेटवरील सार्वजनिक फलकांवर लिहून अनोळखी लोकांशी मैत्री जोडत होते आणि चिठ्ठ्यांतून आक्षेपार्ह मजकूर जात होता, असे कंपनीनेच सांगितले. कोड मुद्दाम अवघड केला. मग तो वाटण्यासाठी मुले बाहेरच्या चव्हाट्यावर गेली, जेथे कोणाची देखरेख नव्हती. आणि शिक्षा झाली ती आजीला चित्र काढून धाडणाऱ्या नातवालाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

अवघड दार म्हणजे सुरक्षित दार, ही समजूत येथे उघडी पडली. दुसरे मार्ग ठाऊक नव्हते असेही नाही. २००६ च्या मेट्रॉइड प्राइम हंटर्स या निन्टेंडोच्याच खेळात, लढतीत भेटलेल्या खेळाडूस कोडवाचून प्रतिस्पर्धी म्हणून नोंदवून ठेवता येत असे. २०१२ च्या वी यू यंत्रावर कोड काढून टाकून साधे नाव देण्यात आले. इतके शिकून झाल्यावर २०१७ साली स्विच यंत्राबरोबर बारा आकडी कोड परत आला! तो आता एकच होता, बदलून घेता येई, आणि नुकत्याच भेटलेल्या खेळाडूस कोडवाचूनही विनंती धाडता येई. सुधारणा झाली हे मान्य. पण मित्रास एक ओळ लिहिण्याची सोय यंत्रात नव्हती, आणि बोलावयाचे तर त्या वर्षी जुलैत आलेले एक ॲप मोबाइल फोनवर घ्यावे लागे. म्हणजे खेळ एका यंत्रावर आणि बोलणे दुसऱ्यावर. पुढल्याच वर्षी फोर्टनाइट हा खेळ स्विचवर आला आणि त्यात हेडसेट यंत्रासच जोडून बोलता येऊ लागले. यंत्राला ते जमत होते, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

सोनीची हकिकत थोडक्यात सांगतो. २००६ च्या प्लेस्टेशन ३ वर मित्राचा निरोप वाचावयाचा तर चालू खेळ बंद करावा लागे. २००८ च्या जुलैत ती अडचण दूर झाली. निराळे खेळ खेळणाऱ्या मित्रांनी एकत्र बोलण्याची सोय मात्र त्या यंत्रावर कधीच आली नाही. कारण स्मृतीची, म्हणजे मेमरीची, कमतरता; ही अडचण खरोखरच यंत्राची होती. पण एकदा घेतलेले नाव बदलण्याचा हक्क खेळाडूस २०१९ च्या एप्रिलमध्ये मिळाला. बाराव्या वर्षी घेतलेले पोरकट नाव पंचविशीपर्यंत कपाळावर! आणि एप्रिल २०११ मध्ये सोनीच्या सर्व्हरवर दरोडा पडून ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती उघडी पडली, सेवा तीन आठवड्यांहून अधिक काळ बंद राहिली. मुलांचे रक्षण म्हणून दारावर आकडे लावावयाचे, आणि धोका मात्र मालकाच्या तिजोरीतूनच यावा, असे हे झाले.

यादी मालकाच्या कपाटात असण्याचा शेवट काय होतो, हे २०१० साली दिसले. मायक्रोसॉफ्टने पहिल्या एक्सबॉक्सच्या खेळांसाठीची सेवा १५ एप्रिल रोजी बंद केली. सेवेत पुढे जे बदल करावयाचे आहेत ते जुन्या खेळांना झेपत नाहीत, असे कारण दिले होते. वर्षानुवर्षे या यादीला शंभर मित्रांची मर्यादा होती, आणि जुने खेळ गेल्यावर ती उठेल अशी अनेकांची आशा होती. जुने खेळ गेले. मर्यादा उठावयास २०१३ चे नवे यंत्र यावे लागले. पण सांगण्यासारखी गोष्ट निराळीच आहे. नवा प्रवेश बंद झाला तरी जे आधीच आत होते त्यांची जोडणी तुटली नव्हती. हॅलो २ या खेळाचे काही खेळाडू यंत्र बंद न करता तसेच बसून राहिले. एकेकाचे यंत्र तापले, कोणाची जोडणी तुटली, संख्या घटत गेली. शेवटचा गडी मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडला. आमच्या भाषेत याला ठिय्या म्हणतात. ठिय्याने सेवा वाचली नाही. तथापि ज्या जागेत माणसे एकमेकांना भेटत होती, ती जागा आपलीही आहे, असा दावा त्यांनी मांडला.

दुसरा लढा मात्र यशस्वी झाला. एका कंपनीच्या यंत्रावरील गड्याने दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरील गड्याशी खेळू नये, ही भिंत होती. ती तांत्रिक नव्हती. फायनल फँटसी इलेव्हन या खेळात २००२ पासूनच प्लेस्टेशन २ आणि संगणक यांवरील खेळाडू एकाच सर्व्हरवर खेळत, आणि २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० वालेही त्यांत आले. तरीही जून २०१८ मध्ये फोर्टनाइट स्विचवर आला, तेव्हा ज्यांचे खाते एकदा प्लेस्टेशनला जोडले गेले होते त्यांस ते स्विचवर उघडताच येईना. खेळाडूंनी जगभर गिल्ला केला. २६ सप्टेंबर २०१८ रोजी सोनीने या खेळापुरती भिंत प्रायोगिकपणे उघडली आणि पुढे इतर खेळांनाही वाट मिळाली. संघटना नव्हती, पुढारी नव्हता. तरी मागणी एकमुखी होती म्हणून मालक नमला.

या विजयाचीही एक गोम आहे. भिंत उघडली, पण निरनिराळ्या यंत्रांवरील मित्रांची यादी आता खेळवाल्या कंपनीच्या खात्यात राहू लागली. वही एका मालकाच्या कपाटातून दुसऱ्याच्या कपाटात गेली. एप्रिल २०२४ मध्ये ३डीएस आणि वी यू यांची ऑनलाइन सेवा बंद झाली, तेव्हा त्यांवर जमविलेली ओळखदेखही निरुपयोगी झाली. जून २०२५ मध्ये आलेल्या स्विच २ वर एक बटण दाबून मित्रांशी बोलता येऊ लागले आणि सोळा वर्षांखालील मुलांस त्यासाठी पालकाची परवानगी आवश्यक केली. ही तजवीज मला योग्य वाटते: परवानगी पालकाची घ्यावी, पण मित्राशी बोलणे अवघड करू नये. एवढे समजावयास २००५ पासून वीस वर्षे लागली.

आता आपण काय मागावे? माझ्या मते मागण्या तीन आहेत. पहिली, खेळाडूचे नाव त्याचे असावे आणि ते बदलण्याचा हक्क त्यास असावा. दुसरी, मुलांचे रक्षण देखरेखीने, तक्रारीची तत्काळ दखल घेऊन आणि पालकांच्या हाती साधने देऊन करावे. आकड्यांचे कुंपण घालून जबाबदारी मुलांवर ढकलू नये. तिसरी आणि मुख्य, मित्रांची यादी खेळाडूस आपल्याबरोबर नेता यावी आणि सेवा बंद करण्यापूर्वी ती त्याच्या हाती द्यावी. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या कायद्याने स्वतःची माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क दिला आहे. आपल्या देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात मुलांसाठी पालकांच्या संमतीची अट आहे, पण माहिती बरोबर नेण्याचा हा हक्क नाही. तो मागावा, आणि तो मागताना खेळगड्यांच्या यादीचा त्यात स्पष्ट उल्लेख असावा, असे मला वाटते. आपल्या घरांतील मुले आज याच यंत्रांवर आपले सोबती जोडीत आहेत. त्यांची वही त्यांच्या हाती असावी, एवढीच ही मागणी आहे.