जगलेल्या बाईची बखर

आठवीच्या वर्गात स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास शिकवताना फाळणीचे पान मी बहुधा लवकर उलटते. देशाचे दोन तुकडे झाले, लाखो माणसे मारली गेली, कोटभर माणसे इकडची तिकडे गेली, बायका पळवल्या गेल्या, एवढे सांगून घंटा व्हायच्या आत पुढच्या मुद्द्याकडे वळते. मालवणच्या किनाऱ्यावर बसून पंजाबची आग मुलांना समजावणे सोपेही नाही. गेल्या वर्षी एका मुलीने हात वर केला. 'टीचर, जिन औरतों को उठा ले गए थे, वो फिर कहाँ गईं?' मी म्हटले, पुष्कळ जणींना सरकारने शोधून परत आणले. तिचे समाधान झाले नाही. 'फिर घर आके उन्होंने क्या बताया?'

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. बी.एड.ला प्रश्न कसे विचारावेत ते शिकवतात, उत्तर नसले तर काय करावे ते शिकवत नाहीत.

त्याच सुमारास नादिया मुराद हिचे आत्मकथन माझ्या वाचनात आले होते. नादिया इराकमधल्या सिंजार भागातल्या कोचो गावची यझिदी मुलगी. ऑगस्ट २०१४ मध्ये 'इस्लामी राज्य' म्हणवणाऱ्या टोळीने तिच्या गावातले पुरुष मारले, तिची आई आणि भाऊ मारले, आणि तिला मोसूलला नेऊन बांदी म्हणून विकले. काही महिन्यांनी ती निसटली. मोसूलमधल्याच एका सुन्नी मुसलमान कुटुंबाने स्वतःचा जीव धोक्यात घालून तिला बाहेर काढले. २०१७ मध्ये तिने पुस्तक लिहिले, २०१८ मध्ये तिला शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ज्यांनी हे केले ते आपल्याच कलम्याचे नाव घेत होते, ही गोष्ट मुसलमान वाचकाला खाली मान घालायला लावते. पण ते पुस्तक मिटल्यावर माझ्या मनात दुसराच प्रश्न राहिला. नादिया बोलली. आपल्याकडे ज्यांना पळवून नेले आणि ज्या त्यातून जगल्या, त्या का बोलल्या नाहीत?

हा प्रश्न घेऊन मी मागे मागे जात राहिले तेव्हा पहिला मुक्काम आमच्या दारासमोरच्या समुद्रातच सापडला. सप्टेंबर १६९५ मध्ये औरंगजेबाचे 'गंज-ए-सवाई' हे जहाज अरबस्तानातून हाजी यात्रेकरूंना घेऊन सुरतेकडे परतत होते. सुरत काही दिवसांवर आली असताना हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते लुटले. जहाजावर बायकाही होत्या. कित्येक दिवस त्यांच्यावर अत्याचार चालले. खाफीखानाने आपल्या 'मुन्तख़बुल्लुबाब' या फारसी तवारीखेत ही हकीकत दिली आहे. अब्रू वाचवण्यासाठी काही बायकांनी समुद्रात उड्या टाकल्या, काहींनी शस्त्राने जीव दिला, हे तो आवर्जून सांगतो. ज्यांनी उडी टाकली नाही, ज्या लुटलेल्या जहाजातून सुरतेच्या बंदरात उतरल्या आणि घरी गेल्या, त्यांच्या पुढच्या आयुष्याचा मात्र मागमूस लागत नाही.

इतिहास लिहिणाऱ्यांची ही जुनी सवय आहे. मेलेल्या बाईला ते मान देतात, जगलेल्या बाईचे काय करावे ते त्यांना कळत नाही. यात धर्माचा भेद नाही. १९४७ मध्ये पंजाबात विहिरीत उड्या घेतलेल्या शीख बायकांच्या कहाण्या गुरुद्वारांतून अभिमानाने सांगितल्या गेल्या. आमच्याकडेही लहानपणी वाज़च्या मजलिशीत मी इज़्ज़तीसाठी जीव देणाऱ्या बीबींच्या गोष्टी ऐकल्या आहेत. इज़्ज़त गमावूनही जगलेल्या, मुले वाढवलेल्या, नमाज पढत म्हाताऱ्या झालेल्या बीबीची गोष्ट एकाही वाज़मध्ये ऐकल्याचे आठवत नाही. जी मुलगी असे ऐकत मोठी होते ती परत आल्यावर तोंड कशाला उघडेल?

फाळणीच्या बायकांविषयी प्रत्यक्ष पाहणाऱ्याने लिहिलेले एक थोर पुस्तक उर्दूत आहे, ते म्हणजे बेगम अनीस क़िदवाई यांचे 'आज़ादी की छाँव में'. मराठी वाचकांना ते फारसे परिचित नाही, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर सांगते. अनीस क़िदवाई यांचे पती शफ़ी अहमद क़िदवाई हे रफ़ी अहमद क़िदवाईंचे बंधू. ते मसुरीच्या नगरपालिकेचे प्रशासक होते. ऑक्टोबर १९४७ मध्ये तिथल्या दंगलीत त्यांचा खून झाला. हे दुःख घेऊन अनीस दिल्लीला गांधीजींकडे गेल्या. गांधीजींनी त्यांना कामाला लावले. पुराना क़िला आणि हुमायूनचा मक़बरा इथे मुसलमान निर्वासितांच्या छावण्या होत्या, तिथे त्या राबू लागल्या. सुभद्रा जोशी आणि मृदुला साराभाई यांच्याबरोबर पळवलेल्या मुलींना शोधण्याच्या कामात त्या शिरल्या. १९४९ मध्ये त्यांनी हे सारे लिहून काढले, पण पुस्तक छापले गेले ते १९७४ मध्ये. पाव शतक ते हस्तलिखितच राहिले. पुढे २०११ मध्ये त्यांच्या नातीने, आयेशा क़िदवाई यांनी, ते इंग्रजीत आणले.

नवरा मारला गेलेली बाई लिहीत आहे, पण सूडाचा सूर कुठे नाही. त्या हिंदूंना सोडत नाहीत तसे मुसलमानांनाही सोडत नाहीत. मुली कशा वाटल्या गेल्या, एका हातातून दुसऱ्या हातात कशा गेल्या, ज्यांनी रक्षण करायचे त्या पोलिसांनी आणि शिपायांनीही आपला वाटा कसा घेतला, हे त्या स्पष्ट लिहितात. आणि मग त्या अशा जागी येतात जिथे कोणताही प्रचारक थांबला असता. शोधून काढलेल्या काही मुली परत यायला तयार नव्हत्या. त्या रडत होत्या, भांडत होत्या. का? अनीस त्यांना बेईमान म्हणत नाहीत. घराबाहेरचे जग कधी न पाहिलेल्या, चार ठिकाणी विटंबना झालेल्या मुलीला शेवटी ज्याने चार भिंती आणि दोन वेळची भाकरी दिली तोच तारणहार वाटला तर नवल कसले, हे त्या समजून घेतात. आई-बाप जिवंत आहेत की नाहीत ठाऊक नाही, असले तर दार उघडतील की नाही ठाऊक नाही. आपण या मुलींना वाचवतो आहोत की पुन्हा एकदा उपटतो आहोत, ही शंका त्या काम करत असताना बाळगतात आणि लिहून ठेवतात. या पुस्तकाचे मोल माझ्या मते या शंकेत आहे.

सरकारच्या कागदांत अशी शंका नव्हती. ६ डिसेंबर १९४७ रोजी भारत आणि पाकिस्तान यांच्यात या बायका परत करण्याचा करार झाला. डिसेंबर १९४९ मध्ये आपल्याकडे त्यासाठी खास कायदा झाला, तो १९५७ पर्यंत चालला. १ मार्च १९४७ पूर्वी जी मुसलमान होती आणि १ जानेवारी १९४९ पूर्वी कुटुंबापासून तुटून दुसऱ्या कोणाच्या घरी राहात आढळली, ती कोणत्याही वयाची स्त्री या कायद्याने 'पळवलेली' ठरली. पोलिसाला वॉरंट नको होते, आणि त्या बाईला काय हवे हे विचारण्याचे बंधन नव्हते. या मोहिमेत भारतातून २०,७२८ मुसलमान आणि पाकिस्तानातून ९,०३२ हिंदू-शीख स्त्रिया परत नेल्या गेल्या. १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरवला. ज्या खटल्यात तो निकाल लागला तो सुमारे बारा वर्षांच्या एका मुलीचा होता. निकालपत्रात तिची एकाहून अधिक नावे आहेत, मुसलमानी आणि शीख. एवढ्याशा वयात इतकी नावे!

त्या काळच्या उर्दूत या बायकांना 'मग़विया औरतें' म्हणत आणि त्यांना परत आणण्याला 'बरामदगी'. उर्दू शिकवणारी म्हणून हा शब्द मला टोचतो. बरामद होतो तो चोरीचा माल. मराठीतही पोलीस मुद्देमाल हस्तगत करतात. पळवणाऱ्याने तिला लुटीचा माल मानले, परत आणणाऱ्यानेही मालकाला पोचवायचा माल मानले. माल साक्ष देत नसतो. आत्मकथन लिहिण्यासाठी आधी कोणीतरी आपल्याला माणूस म्हणून हाक मारावी लागते.

इथवर वाचून कोणी म्हणेल, हे सारे उत्तरेकडचे. म्हणून आता आपल्या मराठी मुलखाकडे येते.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थानावर पोलीस कारवाई झाली आणि मराठवाडा निजामाच्या जोखडातून सुटला. त्याआधी क़ासिम रज़वीच्या रझाकारांनी हिंदू प्रजेवर केलेले जुलूम, लूट, खून आणि स्त्रियांवरचे अत्याचार खरे आहेत. त्यांची बाजू घेणाऱ्यांत मी नाही. पण कारवाईनंतर जे घडले तेही खरे आहे. त्याची चौकशी करण्यासाठी भारत सरकारने पंडित सुंदरलाल, क़ाज़ी अब्दुल ग़फ़्फ़ार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवले. २९ नोव्हेंबर ते २१ डिसेंबर १९४८ या काळात ते संस्थानाच्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज आहे. उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, बीदर आणि गुलबर्गा या चार जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ लागली. या समितीच्या अहवालात लिहिले आहे की, बायका पळवल्या गेल्या आणि काहींना संस्थानाबाहेर सोलापूर, नागपूर अशा शहरांत नेण्यात आले. सोलापूर आणि नागपूर! लाहोर-अमृतसर नव्हे, आपलीच गावे.

याच अहवालात असेही आहे की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचे रक्षण केले, त्यासाठी स्वतःचे प्राणही दिले. पळवलेल्या मुसलमान बायकांना परत मिळवून देण्यात पुष्कळ हिंदूंनी मदत केली. मोसूलमधल्या त्या कुटुंबाइतकीच ही माणसे स्मरणात ठेवण्याजोगी आहेत. अहवाल सरकारला सादर झाला, पण सरकारने तो प्रसिद्ध केला नाही. पुढे कित्येक वर्षांनी त्याचे भाग बाहेर आले आणि २०१३ मध्ये तो उघडपणे वाचायला मिळू लागला.

आता ध्यानात घ्या. १९४९ चा कायदा संयुक्त प्रांत, पूर्व पंजाब, दिल्ली, पतियाळा संघ आणि राजस्थान यांच्यापुरता होता. हैदराबाद त्यात नव्हते. म्हणजे पंजाबच्या बाईला निदान माल म्हणून तरी मोजले गेले, तिच्यासाठी अनीस क़िदवाई होत्या. उस्मानाबादहून सोलापूरला नेलेल्या बाईसाठी एक अर्धे वाक्य आहे. रझाकारांनी विटंबना केलेल्या हिंदू बाईचीही गत वेगळी नाही. मुक्तिसंग्रामाच्या भाषणात तिचे दुःख पुरावा म्हणून सांगितले जाते, तिची स्वतःची हकीकत सांगितली जात नाही. एकमेकांच्या विरोधात उभ्या केलेल्या या दोघी एकाच मौनात राहतात.

नादिया बोलू शकली, कारण तिच्या धाडसाखेरीज आणखी एक गोष्ट घडली होती. यझिदींचे धर्मगुरू बाबा शेख यांनी २०१४ मध्येच जाहीर केले की परतलेल्या मुली आमच्याच आहेत, त्यांना सन्मानाने घरात घ्या. शतकानुशतकांची रूढी त्यांनी बाजूला सारली. अर्थात त्या समाजाचीही धाव तिथेच थांबली. अत्याचारातून जन्मलेल्या मुलांना मात्र २०१९ मध्ये त्यांच्या धर्मसभेने स्वीकारले नाही. कित्येक आयांना मूल आणि माहेर यांतून एक निवडावे लागले. पंजाबातल्या आयांपुढेही हाच पेच पडला होता.

तेव्हा दोष बाईच्या मौनात शोधू नये, ऐकणाऱ्यांच्या कानांत शोधावा. 'पळून का आली नाहीस? परत का आलीस?' हे दोन्ही प्रश्न आपण एकाच तोंडाने विचारतो. आजही एखादी मुलगी फसवून नेली जाते आणि दोन वर्षांनी सापडते तेव्हा गावात पहिली कुजबुज तिच्या दुःखाची नसते, तिच्या लग्नाचे आता काय होणार याची असते. मिंबरवरून असो की मंचावरून, जगून परत येणे ही शरमेची नव्हे तर हिमतीची गोष्ट आहे, असे कोणी मोठ्याने सांगेल तेव्हाच ती बखर लिहिली जाईल.

त्या मुलीला मी दुसऱ्या आठवड्यात उत्तर दिले. म्हटले, त्या घरी आल्या, पण त्यांना कोणी विचारले नाही, म्हणून त्यांनी सांगितले नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, 'टीचर, मैं होती तो पूछती.'

या वर्षी फाळणीच्या पानाला मी दोन तास राखून ठेवले आहेत.