खारदांड्याची मालमोटार आणि तिचे ब्रेक

इतिहास म्हटला की गड, लढाया, बखरी आणि ताम्रपट डोळ्यांपुढे येतात. एका जुन्या मालमोटारीच्या ब्रेकचा इतिहास सांगावयाचा आमचा बेत आहे असे आम्ही प्रथम बोललो, तेव्हा ऐकणाऱ्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि तिसऱ्याने चहा मागविला. त्यांना आम्ही दोष देत नाही. ब्रेक लागतो तोवर त्याची आठवण कोणाला होत नाही, आणि लागत नाही तेव्हा आठवण काढावयास सवड नसते.

ही मोटार खारदांड्याची. खारचे स्टेशन १९२४ साली झाले आणि त्याच्याभोवती आखीव रस्त्यांची नवी वस्ती उभी राहिली. दांड्याचा कोळीवाडा मात्र त्याच्या कितीतरी आधीचा. तिथल्या गल्ल्या होड्यांकडे जाणाऱ्या माणसांच्या पावलांनी आखल्या आहेत, मोटारींच्या चाकांनी नव्हे. अशा एका गल्लीच्या तोंडाशी, ताडपत्रीखाली, आमच्या स्नेह्यांच्या घरची शेव्हरोले पिकअप कित्येक वर्षे उभी होती. शेव्हरोलेने १९४७ ते १९५५ या काळात जो गोल नाकाचा, रुंद कपाळाचा हलका ट्रक काढला, त्या घडणीची ती. तिच्यावर एके काळी बर्फ, जाळी आणि मासळीच्या पाट्या वाहिल्या गेल्या. घरातल्या तरुण मंडळींना ती नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीत चालवावयाची होती. इंजिन पंधरवड्यात बोलू लागले. ब्रेकनी पुढचे वर्ष खाल्ले.

त्याचे कारण समजून घ्यावयाचे तर मुंबईच्या मोटारधंद्याकडे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. जनरल मोटर्सने शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना १९२८ साली काढला. पेट्यांतून सुटे भाग यावयाचे आणि येथे त्यांच्या मोटारी व ट्रक व्हावयाचे. फोर्डचाही येथे असाच कारभार होता. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली, आणि कुर्ल्यास क्रायस्लर कंपनीच्या परवान्याने डॉज, डिसोटो, फार्गो ही नावे जुळू लागली. जोवर परक्या कंपन्यांचा येथे कारभार होता, तोवर ब्रेकची वाटी फुटली तर दुकानात जाऊन नवी आणणे एवढेच काम असे.

१९५३ साली टॅरिफ कमिशनचा अहवाल आला. येथे केवळ जुळवणी न करता हळूहळू भागही येथेच बनविण्याचा कार्यक्रम ज्यांच्याजवळ असेल त्यांनीच राहावे, असे त्याचे सार होते. १९५४ साली जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोघांनीही येथला गाशा गुंडाळला. हे धोरण देशाच्या दृष्टीने योग्य होते असेच आमचे मत आहे. त्याशिवाय सुट्या भागांचे कारखाने येथे इतक्या लवकर उभे राहते ना. १९६२ साली मद्रासजवळ पाडी येथे ब्रेक्स इंडिया निघाली. आपल्या घाटकोपरास आग्रा रोडवर हिंदुस्तान फेरोडोने ब्रेकची लायनिंगे काढली. पण कारखाने निघाले ते येथे बनणाऱ्या गाड्यांसाठी. कंपनी निघून गेली आणि गाडी मागे राहिली, अशा गाड्या पोरक्या झाल्या. परदेशी मालाचा परवाना मिळविणे सामान्य मालकाच्या आवाक्यापलीकडचे. त्या पोरक्या गाड्यांना पुढची कित्येक वर्षे जगविले ते ऑपेरा हाऊसच्या स्पेअर पार्टवाल्यांनी, चोरबाजाराने, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांनी आणि लेथवर बसलेल्या अनामिक कारागिरांनी. मुंबईच्या औद्योगिक इतिहासात या मंडळींचे प्रकरण अद्याप कोणी लिहिलेले नाही.

आता ब्रेकविषयी. घाटात बैलगाडी उतरविताना गाडीवान लाकडाचा ठोकळा दोरीने चाकावर आवळीत असे, हे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. इंग्लंडातही तीच तऱ्हा. तेथे डर्बीशायरच्या डोंगराळ मुलुखात शेतकरी त्या ठोकळ्यावर जुन्या बुटाचे कातडे ठोकतात, हे हर्बर्ट फ्रूड नावाच्या गृहस्थाने पाहिले आणि १८९७ साली ब्रेकला लावावयाच्या अस्तराचा धंदा सुरू केला. आपल्या आडनावाची अक्षरे उलटसुलट करून त्यात एक स्वर घातला आणि 'फेरोडो' हे नाव बनविले. घाटकोपरच्या कारखान्याच्या नावात हे डर्बीशायरचे आडनाव कसे आले, ते यावरून कळेल.

मोटारीच्या आरंभकाळी पायाचा दाब चाकापर्यंत सळ्यांनी वा तारांनी जाई. चारही चाकांना तो सारखा पोहोचविणे महाकठीण. एक तार सैल, एक ताठ, आणि गाडी थांबताना फेर धरावयाची. माल्कम लॉकहीड या अमेरिकन माणसाने १९१७ साली पेटंट घेतले ते तारेऐवजी तेलाचे. बंद नळीतल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा नियम शाळेत आपण पाठ केलेला असतो. ब्रेकच्या पॅडलखाली एक मास्टर सिलिंडर, प्रत्येक चाकात एक छोटा व्हील सिलिंडर, मध्ये नळ्या. १९२१ साली ड्यूसेनबर्ग मोटारीत ही योजना आली. पहिल्या सिलिंडरांतल्या कातडी वाट्या गळत. क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी १९२४ च्या आपल्या गाडीसाठी त्या रबराच्या केल्या आणि मग तो ब्रेक खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला. शेव्हरोलेने तो १९३६ साली घेतला. हेन्री फोर्ड १९३९ पर्यंत सळ्यांना चिकटून राहिले. तेल गळेल ही त्यांची धास्ती अगदीच वेडगळ नव्हती, हे पुढे दिसेल.

दांड्याच्या गाडीची पहिली अडचण होती ती तिच्या वयाची. बाहेरून पाहता १९५० ची आणि १९५१ ची गाडी सारखीच. पण या हलक्या ट्रकात १९५० पर्यंत हक पद्धतीचा ब्रेक होता आणि १९५१ पासून बेंडिक्स आला. दोघांचे शू निराळे, स्प्रिंगा निराळ्या, जुळवणीची रीत निराळी. कागदपत्रांवरचे साल दरवाजाच्या खांबावरील पट्टीशी जुळेना. शेवटी चाक उतरवून ड्रम काढला तेव्हा बेंडिक्स दिसला आणि वाद मिटला. तोवर एका सद्गृहस्थाने पाठविलेले हकचे शू आमच्या घरी येऊन पडले होते. ते अजून आहेत. कोणास हवे असल्यास जरूर न्यावेत.

दुसरी अडचण समुद्राची. या गाडीचा मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या तळाशी बसविलेला आहे. तेल घालावयाचे तर फळीतले झाकण उघडावे लागते. ज्या गाडीवर वर्षानुवर्षे बर्फाचे पाणी आणि मासळीचा खारट निथळ वाहिला, तिच्यात त्या झाकणातून काय काय गेले असेल! शिवाय ब्रेकचे तेल स्वभावतःच हवेतला ओलावा शोषून घेते. बिडाच्या सिलिंडरची आतली भिंत त्या ओलाव्याने खड्ड्याखड्ड्यांची झाली होती, देवीचे व्रण असलेल्या चेहऱ्यासारखी. अशा भिंतीवर नवी रबरी वाटी बसविली तर ती चार दिवसांत फाटते. घासून खड्डे जातील इतके घासावे, तर भोक मोठे होते आणि वाटी सैल पडते. यावर उपाय एकच. सिलिंडर लेथवर मोठा करून घ्यावयाचा, त्यात पितळेची स्लीव्ह ठोकून बसवावयाची आणि तिचे भोक पुन्हा मूळ मापाला आणावयाचे. कुर्ल्याच्या एका वयोवृद्ध कारागिराने हे काम केले. त्याने मोटारीचे नावही विचारले नाही. "नाव राहू द्या, माप सांगा," एवढेच तो म्हणाला.

त्याचे ते वाक्य या साऱ्या शोधाची किल्ली ठरले. ब्रेकच्या रबरी वाटीवर तिचे माप इंचांत उठविलेले असते. वाटी सिलिंडरच्या भोकाशी लग्न लावते, कंपनीच्या नावाशी नव्हे. 'शेव्हरोलेची वाटी आहे का' असे विचारीत आम्ही दहा दुकानांतून रिकाम्या हाताने परतलो होतो. माप विचारू लागल्यावर दुसऱ्या बाजूच्या फळीवरून डबे खाली येऊ लागले. मात्र याला मर्यादा आहे. स्वस्तात मिळालेल्या एका संचातल्या वाट्या पंधरा दिवसांत फुगून घट्ट बसल्या आणि चाके सुटेनात. चूक वाट्यांची की आधी कोणी घातलेल्या भलत्याच तेलाची, हे आजही आम्हांस छातीठोक सांगता येणार नाही. ब्रेकच्या रबराला खनिज तेल लागले की ते फुगते. इंजिनचे तेल चमचाभर गेले तरी पुरे. प्रारंभीचे ब्रेकचे तेल एरंडेल आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणाचे असे. आपल्या आजीच्या बाटलीतले एरंडेल आणि डेट्रॉइटची मोटार यांचे असे नाते होते हे ऐकून दांड्याच्या मुलांनी फार मौज केली.

नळ्यांचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकन नळीचे तोंड दुमडून फुलविलेले असते. अलीकडच्या पुष्कळ गाड्यांच्या नळ्यांचे तोंड बुडबुड्यासारखे असते आणि आटे मिलिमीटरचे. दोन्ही नट हाताने दोन फेरे बसतात आणि बसले असा भास होतो. अमेरिकेतून तयार कापलेला नळ्यांचा संच मागविता येतो, पण तो डाव्या हाताला चाक असलेल्या गाडीचा. आपल्या गाडीत पॅडल उजवीकडे. तेव्हा प्रत्येक नळी गाडीखाली आडवे पडून वाकवावी लागली.

शूवरच्या अस्तराचे काम सर्वांत सोपे वाटले होते. रिव्हेट मारून लायनर चढवून देणारे मिस्त्री मुंबईत अजून आहेत. बेंडिक्सच्या जोडीतला आखूड अस्तराचा शू गाडीच्या पुढच्या बाजूस येतो, मोठा मागच्या. अदलाबदल झाली की ब्रेक एका बाजूस ओढतो, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे झाले, असे आम्हांस वाटले. पण ड्रम उघडताच आमच्या सोबतच्या पोराने हवेचा पाइप उचलला. आतली करडी धूळ उडवावयाची, ही गॅरेजमधली नित्याची रीत. आम्ही त्याचा हात धरला. जुन्या लायनिंगांत अस्बेस्टॉसचे तंतू असत, आणि त्या धुळीने फुप्फुसाला होणारा रोग वर्षानुवर्षांनी उघड होतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली अस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकृतीच्या नोंदी चाळीस वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, तो याचसाठी. मुंबईच्या एका अस्बेस्टॉस गिरणीतल्या कामगारांची डॉक्टरांनी केलेली पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्यांपैकी पाचांत एकाहून अधिक जणांना अस्बेस्टोसिस आढळला. गाड्या थांबविण्याचे अस्तर बनविता बनविता ज्यांचा श्वास थांबत आला, त्यांचा उल्लेख ब्रेकच्या इतिहासात आम्हांस कोठे आढळला नाही, म्हणून येथे करून ठेवीत आहोत. त्या दिवशी ड्रम ओल्या फडक्याने पुसले. फडकी पिशवीत बांधून टाकली. नवे लायनर अस्बेस्टॉसविरहित घेतले.

एक प्रश्न मात्र घरात खरा भांडणाचा झाला. या गाडीत एकच मास्टर सिलिंडर आणि चारही चाकांना एकच तेलाची वाट. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. अमेरिकेत साठीच्या दशकाच्या अखेरीस पुढच्या आणि मागच्या चाकांसाठी दोन स्वतंत्र वाटा सक्तीच्या झाल्या. थोरल्या भावाचे म्हणणे, गाडी आजोबांनी चालविली तशीच राहिली पाहिजे. धाकट्याची बायको म्हणाली, "आजोबांच्या वेळी या गल्लीत माझी मुलगी खेळत नव्हती." जुन्या मोटारींसाठी २०२१ साली केंद्र सरकारने वेगळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली गाडी 'व्ही ए' अक्षरांच्या नोंदणीस पात्र ठरली. परंतु त्यातली व्याख्या दुचाकींना आणि माणसे वाहणाऱ्या चारचाकींना धरून आहे. साहेबांच्या मोटारीला तीत जागा मिळाली, मासळीच्या मोटारीला नाही. तेव्हा मूळ रूप जपण्याबद्दल कायद्याकडून काही शाबासकी मिळणार होती असेही नाही. आम्ही धाकट्या सूनबाईंच्या बाजूने कौल दिला. दुहेरी सिलिंडर फळीखालीच, जुन्याच्या जागी बसविला. जुना पितळेच्या स्लीव्हसकट पुसून कपाटात ठेवला आहे.

ब्रेकची परीक्षा पाली हिलच्या उतारावर, रस्त्यास वर्दळ नसताना पहाटे घेतली. दोन मुले लाकडी पाचरी घेऊन मागच्या चाकांबरोबर चालत होती. पहिल्या दोन खेपांना गाडी सरळ रेषेत थांबली. तिसऱ्या खेपेस पॅडल थोडे अधिक खाली गेले. पाचरी लावल्या, खाली वाकून पाहिले. मागच्या नळीच्या तोंडाशी तेलाचा एक थेंब लोंबत होता. पुढची चाके मात्र घट्ट धरलेली होती. गाडी तशीच हळूहळू दांड्यास परत नेली, आणि ती नळी आम्ही पुन्हा नव्याने वाकविली.